न दिसणाऱ्या वाद्याचे गुरुजी

गाझियाबाद म्हटलं की आपल्याला दिल्लीला चिकटलेलं, कारखान्यांचं आणि उंच इमारतींचं शहर आठवतं. नोकरीनिमित्त तिकडे राहणारा कुणी भाचा-पुतण्या आठवतो. गाणं मात्र आठवत नाही. आता हेच गाझियाबाद नकाशावर मध्यभागी धरा आणि भोवती सव्वाशे किलोमीटरचं एक वर्तुळ काढा. उत्तरेला यमुनेच्या बाजूला कैराना सापडेल. आग्नेयेला बुलंदशहर जिल्ह्यातलं खुर्जा, आणि आणखी पुढे अलीगढ जिल्ह्यातलं अत्रौली. कैराना म्हणजे किराणा घराणं. अत्रौली म्हणजे जयपूर-अत्रौली. खुर्ज्याचं तर स्वतःचंच घराणं. महाराष्ट्रानं, गोव्यानं, बेळगाव-धारवाडनं गेली सव्वाशे वर्षं जे गाणं आपलं म्हणून जिवापाड जपलं, त्याचा फार मोठा भाग गंगा-यमुनेच्या मधल्या या पट्ट्यातून आलेला आहे.

तो कसा आला, हे नावांवरूनच कळतं. अब्दुल करीम खाँ 1872 मध्ये कैरान्यात जन्मले आणि मिरजेचे झाले. त्यांची समाधीही मिरजेतच आहे. अल्लादिया खाँचं घराणं अत्रौलीचं. ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी गायले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांचे गुरू झाले. खुर्ज्याच्या परंपरेतले अजमत हुसेन खाँ मुंबईत राहिले आणि त्यांच्याकडे जितेंद्र अभिषेकी शिकले. या मंडळींनी आपल्याला राग दिले, बंदिशी दिल्या. पण त्याहून मोठी, आणि ज्याबद्दल आपण फार कमी बोलतो अशी एक गोष्ट दिली: माणसाच्या गळ्यातून गाण्याजोगा आवाज काढायची विद्या.

विद्या हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. कुणी चांगलं गायलं की आपण सहज म्हणून जातो, आवाज ही देवाची देणगी. यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं खरं कुठल्या तरी शिक्षकाचं असतं, आणि त्याची गोष्ट कमालीची अद्भुत आहे.

एकच पल्ला, दोन जगं

पाश्चात्त्य संगीतात पुरुषांच्या आवाजाचे ढोबळ तीन प्रकार मानतात. वरचा टेनर, अगदी खालचा बास आणि मधला बॅरिटोन. बहुतेक पुरुषांचा नैसर्गिक आवाज या मधल्या प्रकारात पडतो. मोझार्टचा डॉन जोव्हानी, व्हर्दीचा रिगोलेट्टो, रोसिनीचा फिगारो नावाचा न्हावी या सगळ्या भूमिका बॅरिटोनच्या आहेत. त्याचा पल्ला सेकंदाला सुमारे 98 कंपनांपासून सुमारे 392 कंपनांपर्यंत, म्हणजे नेमका दोन सप्तकांचा धरला जातो.

आता आपल्याकडे या. पुरुष खयालगायकाची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास असते. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे 139 कंपनं. मैफलीत गायक साधारण मंद्र पंचमापर्यंत खाली उतरतो आणि तार पंचमापर्यंत वर चढतो. काळी एकमध्ये मंद्र पंचम येतो सुमारे 104 कंपनांवर आणि तार पंचम सुमारे 415 वर. दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. मिलानच्या रंगमंचावर उभा असलेला बॅरिटोन आणि पुण्यात तानपुऱ्यांमध्ये बसलेला खयालगायक जवळजवळ त्याच दोन सप्तकांत वावरत असतात. एकमेकांचं गाणं कधीही न ऐकलेल्या दोन परंपरांनी शतकानुशतकं कान देऊन शोध घेतला आणि पुरुषाच्या गळ्याचा सर्वांत श्रीमंत प्रदेश तोच आहे, असं दोघींनी ठरवलं.

त्या प्रदेशात दोघं करतात ते मात्र वेगळं. ऑपेराच्या गायकाला ध्वनिवर्धकाशिवाय साठ-सत्तर वाद्यांच्या वर ऐकू जायचं असतं. हे घडतं कसं, याचा उलगडा स्टॉकहोमचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात केला. वाद्यवृंदाचा सर्वाधिक जोर 500 कंपनांच्या खाली असतो आणि पुढे तो उतरत जातो. तयार गायक स्वरयंत्र थोडं खाली ठेवून, घशाची पोकळी विशिष्ट प्रकारे आकारून 3000 कंपनांच्या आसपास आपल्या आवाजातली जास्तीची ऊर्जा एकवटतो. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि आपला कान मात्र अतिशय तल्लख. म्हणून एकटा माणूस सगळ्या वाद्यांना भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. तो जास्त जोर लावत नाही. जोर कुठे ठेवायचा हे तो जाणतो.

खयालगायकाला वाद्यवृंदाशी सामना करायचा नसतो. त्याला तानपुऱ्याच्या झंकारात स्वर मिळवायचा असतो, मींडेत एका स्वरातून दुसऱ्यात विरघळायचं असतं आणि क्षणात तानेच्या वेगाला जायचं असतं. पल्ला तोच, पण गळ्याकडून मागणी निराळी. म्हणून शिकवण्याची वाटही निराळी.

गळ्याच्या आत

हे सगळं ज्याच्यावर होतं ते वाद्य किती लहान आहे, याची कल्पना करणं कठीण जातं. पुरुषाचे स्वरतंतू दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे असतात. स्त्रीचे त्याहून आखूड. फुप्फुसातून येणारी हवा त्यांच्यामधून जाताना ते मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. काळी एकच्या तार षड्जावर हे सेकंदाला 277 वेळा होतं. ते ताणले आणि पातळ झाले की स्वर चढतो. आखडले, सैल आणि जाड झाले की उतरतो. हे ताणणं-सैलावणं मिलिमीटरच्या अंशांत चालतं.

त्याहून नवल म्हणजे त्यांना हुकूम पोहोचवणारी नस. ती मेंदूकडून निघते, मानेतून खाली येते आणि स्वरयंत्राच्या जवळून जात असूनही तिथे थांबत नाही. डावीकडची शाखा सरळ छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राशी पोहोचते. आपण गातो तेव्हा आवाजाची आज्ञा अक्षरशः हृदयाजवळून फिरून आलेली असते.

आणि हे वाद्य गाणाऱ्याला दिसत नाही. सतारियाला आपली बोटं दिसतात. गायकाला त्याचे स्वरतंतू दिसत नाहीत, ते हलताना नीट जाणवतही नाहीत. स्वतःचा आवाजही त्याला इतरांसारखा ऐकू येत नाही, कारण त्याचा काही भाग कवटीच्या हाडांमधून कानाशी येतो. ध्वनिमुद्रणातला आपला आवाज प्रत्येकाला परका वाटतो तो यामुळेच. म्हणजे गायक असं वाद्य वाजवतो जे त्याला दिसत नाही, आणि त्याचा जो नाद त्याला ऐकू येतो तो खरा नसतो. म्हणून गायनात शिक्षकाची गरज इतर कुठल्याही वाद्यापेक्षा जास्त आहे. बाहेर बसलेला एक जाणता कान हाच गायकाचा आरसा.

पॅरिसमधला बॅरिटोन

खराखुरा आरसा गळ्यात घालून पाहणारा माणूसही एक गायनशिक्षकच होता. मान्युएल गार्सिया, जन्म 1805. त्याचे वडील युरोपातले नामांकित गायक. 1825 मध्ये या कुटुंबाची मंडळी न्यूयॉर्कला गेली आणि तिथे रोसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी' इटालियनमध्ये रंगमंचावर आणला. वडील उमरावाच्या भूमिकेत, बहीण मारिया नायिका आणि विशीतला मान्युएल फिगारोच्या बॅरिटोन भूमिकेत. न्यूयॉर्कनं इटालियन भाषेत ऐकलेला हा पहिला इटालियन ऑपेरा.

पण मान्युएलचा आवाज फार दिवस टिकला नाही. कोवळ्या वयात पडलेल्या ताणानं तो झिजला आणि तरुणपणीच त्यानं रंगमंच सोडला. तिथून त्याची खरी कारकीर्द सुरू झाली. लष्करी रुग्णालयात काम करताना तो स्वरयंत्राची रचना शिकला, मग शिकवू लागला. 1841 मध्ये स्वीडनची गायिका जेनी लिंड त्याच्याकडे आली तेव्हा अतिश्रमानं तिचा आवाज थकून गेला होता. त्यानं तिला आधी गाऊच दिलं नाही. सहा आठवडे पूर्ण विश्रांती, मग धडे. पुढे याच जेनी लिंडनं सगळं युरोप आणि अमेरिका वेडी केली.

1854 मध्ये पॅरिसला असताना त्याच्या मनात आलं की गाणाऱ्याचा गळा प्रत्यक्ष पाहता आला तर? त्यानं शस्त्रक्रियेची हत्यारं विकणाऱ्याकडून दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा सहा फ्रँकला विकत घेतला. घरी येऊन तो कोमट पाण्यात धरला, म्हणजे श्वासाची वाफ त्यावर धरणार नाही. पुसला, पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशानं सूर्यप्रकाश तोंडात टाकला. आणि समोर त्याला स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना दिसले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यानं हे निरीक्षण मांडलं. घशाच्या तज्ज्ञांकडे आज जी तपासणी होते तिची सुरुवात इथे आहे, आणि ती डॉक्टरानं केलेली नाही. शिष्यांचा आवाज समजून घेऊ पाहणाऱ्या एका गायनशिक्षकानं केली आहे. गार्सिया 1895 पर्यंत लंडनमध्ये शिकवत राहिला आणि वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, 1906 मध्ये वारला.

ऑपेरा हाउसच्या शेजारी

आपल्याकडे घराण्यांची तालीम आणि पाश्चात्त्य आवाजशास्त्र हे दोन प्रवाह एका माणसात भेटले. प्राध्यापक बी. आर. देवधर, जन्म 1901, मिरज. म्हणजे तेच मिरज, जिथे कैरान्याचे अब्दुल करीम खाँ पुढे स्थायिक झाले. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शिकले, विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि मुंबईत जोव्हानी स्क्रिंझी या इटालियन संगीतकाराकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण घेतलं. 1925 मध्ये त्यांनी 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' सुरू केलं. ते पुढे गिरगावात ऑपेरा हाउसच्या परिसरात नांदलं आणि त्या खोल्यांमधून हिंदुस्थानी गाण्याचे उत्तमोत्तम सूर उमटले.

देवधरांनी आवाजसाधनेला शास्त्र मानलं. आपल्याकडे तोवर आवाज कमावण्याचं ज्ञान घराण्यांमध्ये होतं, पण ते 'असा लाव', 'पोटातून काढ', 'खुला सोड' अशा सूचनांमध्ये होतं. ज्याला कळलं त्याला कळलं, ज्याला नाही त्याचा घसा बसला. श्वास कुठून घ्यावा, स्वरयंत्रावर ताण कुठे येतो, मुलग्याचा आवाज फुटताना काय करावं आणि काय करू नये, हे प्रश्न देवधरांनी खुलेपणानं विचारले, पाश्चात्त्य पद्धती अभ्यासल्या, आणि खयालाला मानवेल तेवढंच घेतलं. त्यांच्या शिष्यांना ऑपेराचा आवाज लागला नाही; ज्याचा त्याचा आवाज लागला. आवाजशास्त्रातला हा वारसा पुढे अशोक रानडे यांनी नेला. त्यांनी देवधरांकडे हे शिक्षण घेतलं आणि गायकांइतकंच नटांनाही, बोलणाऱ्यांनाही आवाजाचा विचार करायला शिकवलं.

देवधरांच्या शाळेत 1930 च्या दशकात बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक लहान मुलगा आला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब गाऊन दाखवी. आवाज दैवी, नक्कल अचाट. अशा मुलाला काय शिकवायचं? देवधरांनी त्याला स्वतःच्या साच्यात ओतलं नाही. अनेक घराण्यांचं गाणं त्याच्या कानावर पडू दिलं आणि त्याचं स्वतःचं गाणं उगवायला जागा दिली. हा मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. 1947 मध्ये त्यांना क्षयानं गाठलं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. ते पुन्हा गायला बसले तेव्हा उरलेल्या श्वासातून त्यांनी असं गाणं काढलं की खयालाची कल्पनाच बदलली.

मोडलेल्या आवाजातून

मोडलेला आवाज आणि त्यातून उभं राहिलेलं मोठं काम, ही जोडी या इतिहासात पुन्हापुन्हा भेटते. गार्सियाचा आवाज गेला आणि शिक्षक घडला. अल्लादिया खाँचंही असंच. तरुणपणी माळव्यातल्या आमलेटा संस्थानात राजाच्या आग्रहाखातर ते अतोनात गायले आणि त्यांचा आवाजच गेला. बराच काळ तो परतला नाही, आणि परतला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्यांनी या नव्या, जड आवाजाला साजेल अशी पेचदार, लयीत गुंफलेली चाल बांधली. आज जिला आपण जयपूर गायकी म्हणतो तिच्या घडणीत या घटनेचा वाटा आहे असं परंपरा सांगते. पुढे हीच गायकी केसरबाईंच्या भरदार गळ्यात बसली, आणि मोगूबाईंच्या नेमक्या, नितळ गळ्यातही बसली.

किराण्यातही तेच दिसतं. अब्दुल करीम खाँचा आवाज उंच, कोवळा, काळजाला भिडणारा. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांचा गळा मुळात सहज वळणारा नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं वळला. आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांचा आवाज भरलेला, घुमणारा, बॅरिटोनच्या जातीचा. तीन पिढ्या, तीन संपूर्ण वेगळे आवाज, आणि तरीही घराणं एकच. गुरूनं शिष्याला आवाज दिला असता तर हे घडलं नसतं. गुरूनं दिली ती स्वराकडे पाहण्याची नजर, आणि ती प्रत्येकाच्या गळ्यात वेगळा नाद घेऊन उगवली.

पहाटेचा खर्ज

या विद्येचं सर्वांत जुनं आणि सर्वांत साधं साधन म्हणजे खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज. धृपदियांनी तो विशेष जपला. पनवेलजवळ पळस्पे इथे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांचं गुरुकुल होतं. ते आणि त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे शिकलेले उज्जैनचे उदय भवाळकर आज पुण्यात राहून शिष्य घडवतात. त्यांच्या आलापात मंद्र सप्तक जसं उलगडतं तसं ऐकलं की खालचा स्वर म्हणजे नुसता अंधार नाही, त्यालाही रंग आहेत, हे कळतं.

हा रियाज पहाटे करायचा. त्यालाही कारण आहे. झोपेतून उठल्यावर स्वरतंतू थोडे भरलेले, जडावलेले असतात, म्हणून खालचे स्वर अधिक सहज लागतात. तानपुरा मिळवून बसायचं. मध्य षड्जावर आकार स्थिर करायचा. मग निषाद, धैवत, पंचम असं एकेक पायरी खाली यायचं आणि प्रत्येक स्वरावर श्वास पुरेल तोवर थांबायचं. मंद्र षड्जाजवळ काळी एकवर कंपनं उरतात सेकंदाला फक्त 69. तिथे आवाज जवळजवळ विरतो. नवशिका इथे हमखास जोर लावतो, आणि जोर लावला की स्वर घरघरतो, तुटतो. कारण हे स्वर लागायला स्वरतंतू सैल हवेत आणि जोर त्यांना आवळतो. गुरुजी समोर बसून शिष्याच्या मानेकडे पाहतात. शीर फुगली, हनुवटी खाली दबली, खांदे उचलले की थांबवतात. 'आवाज मोठा करू नकोस, येऊ दे.' महिनोन् महिने हेच चालतं. हळूहळू शरीर जोर न लावता नाद काढायला शिकतं, आणि खाली शिकलेली ही मोकळीक वर तार सप्तकात गेल्यावरही गळ्यात टिकते. विहिरीचा झरा तळाशी मोकळा केला की पाणी वर चढतं, तसं हे आहे.

विद्या परत उत्तरेत

उत्तरेतून जी विद्या दक्षिणेत आली ती इथेच मुरून राहिली नाही. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या परंपरेतल्या विनयचंद्र मौद्गल्यांनी 1939 मध्ये दिल्लीत त्याच नावाची संस्था उभारली. त्यांचे पुत्र मधुप मुद्गल कुमार गंधर्वांकडे शिकले आणि पुढे दिल्लीच्या या संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. देवधरांचे शिष्य कुमारजी, कुमारजींचे शिष्य मधुप मुद्गल. उत्तरेनं जे महाराष्ट्राला दिलं, ते मराठी गुरुजींनी नव्या रूपात पुन्हा यमुनाकाठी नेऊन दिलं.

आता या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? मला वाटतं, सर्वांत आधी घरातल्या मुलांसाठी काही तरी. तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्याचे स्वरतंतू वाढतात आणि आवाज सुमारे सप्तकभर खाली उतरतो. काल गोड गाणारा मुलगा आज घोगरा होतो, लोक हसतात, आणि गाणं कायमचं सुटतं. असे किती गळे आपण गमावले असतील. त्या वयात चढ्या पट्टीत ताणून गाऊ देऊ नये. मधल्या स्वरांत हलकं गाऊ द्यावं, कान शिकत ठेवावा, वाट पाहावी. आवाज फुटतो म्हणजे मोडत नाही. मोठ्या माणसाचा आवाज तयार होत असतो. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आणि दुसरं, गायकाचं कौतुक करताना त्याच्या गुरुजींचंही नाव घ्यावं. ज्या वाद्याला हात लावता येत नाही, जे डोळ्यांना दिसत नाही, ते केवळ ऐकून दुरुस्त करणारी ही माणसं आहेत. एका शिष्यासाठी ती वर्षानुवर्षं समोर बसतात, आणि ज्या दिवशी शिष्याचा आवाज खरोखर त्याचा होतो त्या दिवशी त्यात गुरुजींचा आवाज कुठेच ऐकू येत नाही. त्यांच्या कामाचं यश असंच असतं, म्हणून ते ओळखायची जबाबदारी ऐकणाऱ्यांची आहे.